हिरडीपासून आतड्यापर्यंत

लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारले. समग्र उपचार म्हणजे मोजमापाला फाटा, हा समज तिथला इतिहास खोडून काढतो. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची योगक्रिया, करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब किती उतरतो, हे त्यांनी यंत्र लावून पाहिले, क्ष-किरणांची चित्रे घेतली आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून हे सारे छापलेही. गुरूवरची श्रद्धा आणि दाबमापकावरचा काटा एकाच माणसात नांदले, हे मला फार मोलाचे वाटते.

अशा क्रिया सांगणाऱ्या घेरंडसंहितेत, हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, शरीरशुद्धीत मुखाचीही शुद्धी येते: खैराच्या रसाने किंवा स्वच्छ मातीने हिरड्या चोळायच्या, जिभेचे मूळ बोटांनी घासायचे; पुढे आहारात अर्धे पोट अन्नाला, पाव पाण्याला, उरलेले मोकळे. जुन्या पोथीत आहे म्हणून ते खरे कसे, हा आक्षेप रास्तच आहे. मातीने दात झिजतात, आणि मधुमेहाची औषधे नौलीसाठी सोडणे घातकच. पण हिरड्यांचा जुनाट दाह आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात, हे आज दंतवैद्यही सांगतात. म्हणजे तोंड आणि बाकीचे शरीर एकत्र पाहण्याची दृष्टी टिकली. माती गेली, तिच्या जागी ब्रश आला.