ट्यूबलाइटची घडण : काचेच्या नळीपासून प्रकाशापर्यंत

उशिरा उमजणाऱ्या माणसाला 'ट्यूबलाइट' म्हणण्याची चाल आपल्याकडे आहे. बटण दाबल्यावर दोन-तीनदा लुकलुकून मगच स्थिर होणाऱ्या नळीवरून ती पडली, हे उघड आहे. परंतु या नळीचा इतिहास पाहता ही उपमा तिला आणखी एका अर्थाने शोभते. तिचे मूलतत्त्व १८५०च्या दशकातच शास्त्रज्ञांच्या हाती आले होते. बाजारात विक्रीसाठी ती यावयास मात्र १९३८ साल उजाडले. मधली ऐंशी वर्षे शास्त्राच्या अभावी गेली, असे म्हणता येत नाही. ती गेली मुख्यतः कारागिरीच्या आणि यंत्रांच्या अभावी.

जर्मनीतील बॉन येथील काचकारागीर हाइन्रिक गाइस्लर याने पाऱ्याच्या साहाय्याने चालणारा निर्वात पंप तयार केला आणि १८५७च्या सुमारास हवा काढून घेतलेल्या नळीतून वीज खेळवून रंगीत प्रकाश दाखविला. त्यानंतर फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकरेल याने अशा नळ्यांत चमकणारी द्रव्ये ठेवून पाहिली. एडिसननेही १८९६मध्ये कॅल्शियम टंगस्टेटचा लेप दिलेला, क्ष-किरणांवर चालणारा दिवा केला होता. त्याचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा क्ष-किरणांच्या सततच्या संपर्काने आजारी पडून १९०४मध्ये मरण पावला आणि एडिसनने त्या वाटेचा नाद सोडला. प्रकाशाच्या या शाखेत मनुष्यहानीची ती पहिली नोंद होय. शेवटची मात्र नव्हे.

डॅनियल मॅकफार्लन मूर या अमेरिकनाच्या लांबच लांब नळ्या १९०४पासून दुकानांत लागू लागल्या. त्यांची अडचण व्यापारी माणसाला चटकन समजेल. काचकारागीर ग्राहकाच्या जागी जाऊन तेथेच तुकड्याला तुकडा जोडीत आणि नळी छतावर सील करीत. जो माल कारखान्यात तयार होत नाही, खोक्यात भरता येत नाही आणि गिऱ्हाइकाला स्वतः बदलता येत नाही, त्याचा व्यापार कितीसा वाढणार? त्याच सुमारास पीटर कूपर ह्युइट याचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला. तो वीज कमी खाई. पण त्याच्या निळसर-हिरव्या उजेडात तांबडा रंग जवळजवळ नसल्याने माणसांचे चेहरे प्रेतासारखे दिसत आणि लाल कापड काळपट वाटे. छपाईचे कारखाने व छायाचित्रकार यांनी तो स्वीकारला, घरांनी नाही.

खऱ्या नळीसाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या : कमी दाबाची पाऱ्याची वाफ, तापलेले विद्युदग्र, आणि पाऱ्याच्या अदृश्य जंबुपार किरणांचे दृश्य उजेडात रूपांतर करणारी फॉस्फर भुकटी. बर्लिनमध्ये एडमंड गेर्मर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९२६मध्ये अशा दिव्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या आल्बर्ट हल याने विद्युदग्रांवर काम केले. १९३४मध्ये त्या कंपनीचे सल्लागार, नोबेल पारितोषिकविजेते आर्थर कॉम्प्टन यांनी इंग्लंडमध्ये अशा नळीचे प्रयोग पाहून कंपनीला कळविले, आणि क्लीव्हलंडजवळच्या नेला पार्क येथे जॉर्ज इनमन याच्या हाताखाली चार-सहा माणसांचा गट कामाला लागला. नोव्हेंबर १९३६मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या शताब्दीच्या भोजनसमारंभात या नळ्या पेटल्या. एप्रिल १९३८मध्ये त्या विक्रीस आल्या. १९३९च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनाने त्यांची कीर्ती सर्वत्र केली. गेर्मरचे पेटंट कंपनीने १,८०,००० डॉलर देऊन विकत घेतले. झगड्यापेक्षा खरेदी स्वस्त, हे गणित तेथील व्यवहारी मंडळींना चांगले अवगत होते.

आता ही नळी घडते कशी, ते पाहू. प्रथम काच. पूर्वी वितळलेल्या काचेचा गोळा एक कारागीर धरी आणि दुसरा त्याचे टोक पकडून मागे मागे चालत जाई. नळीची जाडी दोघांच्या नजरेवर व पावलांवर अवलंबून असे. टोलेडो येथील एडवर्ड डॅनर याने १९१०च्या दशकात या कामाचे यंत्र केले. तिरप्या, सावकाश फिरणाऱ्या पोकळ दांड्यावर भट्टीतील काच पट्ट्याप्रमाणे उतरते, दांड्यातून हवा फुंकली जाते, आणि खालच्या टोकाने काचेची अखंड नळी ओढली जाऊन ठरावीक मापाने कापली जाते. हे यंत्र आधीच चालू झालेले नसते, तर १९३८ची नळी हजारोंनी निघाली असती असे वाटत नाही.

नळी धुऊन वाळवतात आणि उभी धरून तिच्या आत फॉस्फरचा पातळ काला सोडून निथळू देतात. भुकटी काचेला धरून राहावी म्हणून त्या काल्यात नायट्रोसेल्युलोज मिसळत. पुढे पाण्यावर आधारलेले बंधकही आले. सुताला विणण्यापूर्वी खळ लावतात आणि कापड झाल्यावर ती धुऊन टाकतात, तसाच हा बंधक तात्पुरता असतो. नळ्या पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या भट्टीतून नेल्या की तो जळून जातो आणि मागे केवळ भुकटीचा थर उरतो. हा थर बेताचा हवा : पातळ झाला तर अदृश्य किरण वाया जातात, जाड झाला तर निर्माण झालेला उजेड थरातच अडतो. काला वरून खाली निथळत असल्याने खालचे टोक किंचित जाड होते, आणि ही तफावत कमी करण्यात कारखानदारांची बरीच बुद्धी खर्च झाली. दोन्ही टोकांची भुकटी ब्रशाने पुसून काढतात, नाहीतर काचेला काच नीट जुळत नाही.

दुसरीकडे टोकांचे भाग तयार होतात. शिसेयुक्त काचेच्या लहान आधारातून दोन तारा आत नेलेल्या असतात. लोखंड-निकेलच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण असलेली ही तार काचेइतकीच प्रसरण पावते, म्हणून सांधा तडकत नाही. तारांच्या टोकांना टंगस्टनचे दुहेरी-तिहेरी वेटोळे बसवून त्यावर बेरियम, स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम यांच्या कार्बोनेटांचा लेप देतात. खरे काम ऑक्साइडे करतात. पण ती उघड्या हवेत ओल शोषून बिघडतात. म्हणून कार्बोनेट लावायचे आणि नळी निर्वात होत असताना वेटोळ्यातून वीज सोडून आतल्या आत त्याचे ऑक्साइड करायचे, अशी ही युक्ती आहे.

गॅसच्या ज्वाळांत फिरवीत हे आधार नळीच्या टोकांना वितळवून जोडले की नळी निर्वातीकरणाच्या यंत्रावर चढते. तेथे ती तापवून हवा, ओल व सुटलेला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतात, पाऱ्याचा थेंब टाकतात, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका आर्गॉन वायू भरतात आणि शोषनलिका वितळवून बंद करतात. शेवटी ॲल्युमिनियमच्या टोप्या सिमेंटने चिकटवून तारा पिनांत पक्क्या करतात, नळी काही वेळ पेटवून मुरवतात आणि तपासतात. कारखान्यातील सर्वांत महाग यंत्र निर्वातीकरणाचे; आयुष्य कमी भरणाऱ्या नळीचा दोष पुष्कळदा तेथेच सापडतो.

या कहाणीतील सर्वांत दुःखद प्रकरण मात्र भुकटीचे आहे. आरंभीच्या पांढऱ्या नळ्यांत झिंक बेरिलियम सिलिकेट वापरीत. १९४०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे नळ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण कामगारांना, त्यांत मुलीही पुष्कळ, दम लागू लागला, वजन झपाट्याने घटू लागले. काहींना नोकरी सोडल्यानंतर हा विकार जडला. क्षय किंवा तत्सम काही असावे, असे आधी मानले गेले. डॉ. हॅरिएट हार्डी यांनी चिकाटीने एकेक रुग्ण गाठला, कोण कोणत्या टेबलाशी बसत होता हे विचारले, आणि १९४६मध्ये आयर्व्हिंग टॅबरशॉ यांच्यासह सतरा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध करून बेरिलियमकडे बोट दाखविले. फुटलेल्या नळीची काच लागली तर जखम चिघळत राही, असेही आढळले. १९४९मध्ये अमेरिकी कारखानदारांनी बेरिलियमचा वापर थांबविला. त्याला पर्याय तयार होता, हे या मालाचे सुदैव : इंग्लंडमध्ये मॅकीग आणि रॅन्बी यांनी १९४२मध्येच कॅल्शियम हॅलोफॉस्फेट शोधले होते. ते निरुपद्रवी, स्वस्त आणि अधिक उजेड देणारे निघाले. चांगला पर्याय हाती नसता तर बेरिलियम इतक्या लवकर गेले असते का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

हॅलोफॉस्फेटच्या नळीने पुढे तीन दशके राज्य केले. १९५१पर्यंत अमेरिकेत विजेच्या तापत्या दिव्यांपेक्षा या नळ्यांचाच एकूण उजेड अधिक झाला होता. तिच्यातही तांबडा कमीच. म्हणून तर गिऱ्हाईक शालू हातात घेऊन दुकानाच्या दारापर्यंत उन्हात जाई, आणि जाणता दुकानदार त्याचा राग मानीत नसे. १९७०च्या दशकात दुर्मिळ मृदा धातूंच्या तीन भुकट्या मिसळून हा दोष पुष्कळसा दूर झाला. त्या महाग, म्हणून नळीही दीड इंचावरून एक इंचाची झाली. क्षेत्रफळ कमी, भुकटी कमी. पाऱ्याचेही तसेच : अमेरिकेत चार फुटी नळीत १९८५च्या सुमारास सरासरी ४८ मिलिग्रॅम पारा असे, तो १९९९पर्यंत सुमारे १२वर आला.

यंत्राचे महत्त्व किती, हे एडवर्ड हॅमर याच्या उदाहरणावरून कळते. त्याने १९७६मध्ये नळी पिळून सर्पिल दिवा केला. परंतु त्यासाठी नवे कारखाने उभारावयास सुमारे अडीच कोटी डॉलर लागतील, म्हणून कंपनीने तो बाजूला ठेवला. १९९०च्या दशकात चीनमध्ये कामगारांनी तापलेली काच हातांनी गुंडाळून तोच दिवा जगभर पोहोचविला.

एलईडी आल्यावर ही यंत्रे थांबू लागली. युरोपीय संघात २०२३मध्ये नेहमीच्या नळ्यांची नवी विक्री बंद झाली. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी त्याच वर्षी जिनिव्हात ठरविले, की सरळ नळ्यांची निर्मिती व आयात-निर्यात २०२७च्या अखेरीपर्यंत संपवावी. जुन्या नळ्यांसाठी आता उलट्या क्रमाचे यंत्र चालते : टोके कापायची, हवेच्या झोताने भुकटी बाहेर काढायची, तापवून पारा वेगळा करायचा, काच पुन्हा भट्टीत घालायची. फ्रान्समध्ये त्या भुकटीतून दुर्मिळ धातू काढण्याचा उद्योग २०१२मध्ये सुरू झाला. त्या धातूंचे भाव उतरताच २०१६मध्ये तोही बंद पडला.