तळटीप ३ : ‘वरून आलेले शहाणपण’

३. हा उल्लेख नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा, अध्याय ३, वचने १३ ते १८. शहाणा कोण, हे तिथे वक्तृत्वावरून किंवा पाठांतरावरून ठरत नाही. सौम्यपणे केलेले सत्कृत्य हीच त्याची खूण. मत्सर आणि स्वार्थ असेल तिथे गोंधळ माजतो. खरे शहाणपण निर्मळ, शांतताप्रिय, दयाळू आणि निष्कपट असते. मत्तयाच्या शुभवर्तमानातही (११:१९) शहाणपणाची साक्ष कृतीच देते.

मराठी मुलखातले ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. संस्कृत विद्वत्तेमुळे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला; १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यापलीकडे केडगावला ‘मुक्ती’ सदन वसले ते यांच्यासाठी.

तिथे शेती होती, विणकाम होते आणि छापखानाही. ज्यांना कुणी थारा देत नव्हते त्या मुली अक्षर ओळखू लागल्या, खिळे जुळवू लागल्या, छापील फर्मे दुमडून पुस्तके बांधू लागल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यातले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. – संपादक