मोटर एक, नॉब दोन

आजची गोष्ट धायरीतल्या एका पत्र्याच्या शेडपासून सुरू होते. मी तिथे कामाला होतो. कन्व्हेअरला मोटर एक, पण पॅनेल दोन: एक माल चढवणाऱ्याकडे, दुसरं पॅकिंगकडे. दोन्हींवर वेगाचा नॉब, आणि कुठला नॉब चालणार ते ठरवणारा एक सिलेक्टर स्विच.

एकदा पॅकिंगवाल्या काकांनी वेग अगदी कमी केला आणि अडकलेला खोका काढायला हात घातला. पलीकडच्या पोराने स्विच आपल्याकडे फिरवला. त्याचा नॉब सकाळपासून फुलवर. पट्टा एकदम सुटला. काकांच्या दोन बोटांना टाके पडले.

वायरमन म्हणाला, स्टॉपची बटणं सिरीजमध्ये असतात, कुठलंही दाबा, मोटर बंद. स्टार्टची पॅरलल, कुठूनही चालू. अशी दहा ठिकाणी लावली तरी चालतं. वेगाचं तसं नाही. एकजण म्हणतो तीस, दुसरा म्हणतो पन्नास. मोटरने ऐकायचं कुणाचं?

मी शोधत गेलो, तर हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना निघाला. फ्रँक स्प्रेग हा अमेरिकन इंजिनिअर न्यूयॉर्कमध्ये विजेच्या लिफ्ट बसवायचा. बऱ्याच लिफ्ट एका जागेवरून चालवता येतात, तर आगगाडीचे डबे का नाही, असं त्याच्या डोक्यात आलं. मोटरचा मोठा करंट ज्याच्या त्याच्या डब्यात ठेवायचा आणि गाडीभर फक्त हुकूम नेणाऱ्या बारीक तारा फिरवायच्या. जुलै 1897 मध्ये स्कनेक्टडी गावात त्याच्या दहा वर्षांच्या पोराने सहा डब्यांची गाडी चालवून दाखवली! पुढे शिकागोच्या उन्नत रेल्वेने हीच पद्धत घेतली.

आपल्याकडे ती आली 3 फेब्रुवारी 1925 ला. बोरीबंदर ते कुर्ला, 1500 व्होल्ट डीसी, देशातली पहिली विजेवरची गाडी. लोकलच्या दोन्ही टोकांना केबिन असते, दोन्हीकडे कंट्रोलरचा हँडल. मग मागच्या केबिनमधून कुणी वेग का वाढवू शकत नाही? कारण दिशा ठरवणारी रिव्हर्सरची किल्ली. ती बसवल्याशिवाय हँडल मुका, आणि हँडल शून्यावर आणल्याशिवाय ती निघतच नाही. म्हणजे ताबा या टोकाकडून त्या टोकाला जायचा तर मध्ये शून्य लागतंच. मागे बसलेला गार्ड ब्रेक मात्र लावू शकतो.

आमच्या स्विचमध्ये नेमकं ते शून्यच नव्हतं. पोराला शिव्या पडल्या, पण चूक वायरिंगची होती, असं मला आजही वाटतं.

नंतर दोन्ही नॉब काढले आणि 'वर' आणि 'खाली' अशी बटणं लावली. आता वेगाचा आकडा ड्राइव्ह स्वतः लक्षात ठेवतो. कुणीही दाबा, आहे तिथूनच हळूहळू चढतो किंवा उतरतो, उडी नाही. आणि खोका काढायचा असेल तर लाल स्टॉप दाबायचा, तो दाबलेलाच राहतो. पॅनेलवर नॉबची भोकं अजून आहेत, काकांनी त्यांवर काळी टेप चिकटवलीय.