गाठोड्यात मावणारा खेळ

श्रोतेहो, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. यात्रेहून परतणाऱ्याचं गाठोडं तुम्ही पाहिलं असेल. प्रसाद, बुक्का, आणि जमलं तर घरच्या पोरासाठी एखादं खेळणं. खेळणं घेताना माणूस किंमत विचारतोच, पण मनात आणखी एक हिशेब चालू असतो : हे गाठोड्यात बसेल का? बैठ्या खेळांचा इतिहास या साध्या प्रश्नाशी फार बांधलेला आहे, बरं का.

आपला सारीपाटच घ्या. चार पट्ट्या, प्रत्येकीवर २४ घरं, म्हणजे एकूण ९६. सोंगट्या १६ आणि कवड्या किंवा फासे. फतेहपूर सिक्रीच्या राजवाड्यात अंगणातल्या फरशीवरच असा पट आखलेला आहे. तो तिथंच राहिला. कापडाचा पट मात्र गुंडाळला की काखेत मावतो. मुक्काम हलला की खेळही हलतो.

आता सावंतवाडीचा गंजिफा पाहा. दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, मिळून १२० गोल पानं. सारी हातानं रंगवलेली, आणि ठेवायला लाकडी पेटी. त्याच्यापुढं आला ५२ छापील पत्त्यांचा जोड. स्वस्त, आणि सदऱ्याच्या खिशात जाणारा. मग गंजिफा मागं पडला यात नवल ते काय? त्याचे कारागीरही कमी होत गेले. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. गंमत अशी, की जी पेटी खेळणाऱ्याला ओझं वाटावी, तीच आज संग्रह करणाऱ्याला मोहात पाडते!

परदेशातही हेच. अमेरिकेत चार्ल्स डॅरो यांनी १९३४ साली 'मोनोपली' हा खेळ मोठ्या पांढऱ्या पेटीत घातला, कारण पट आत मावायला हवा होता. पुढं त्यांनी पट वेगळा ठेवला आणि बाकीचं सामान लहान काळ्या पेटीत भरलं. खर्च वाचला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीनं तो खेळ विकत घेतला.

मग दुकानदारानं कोणती पेटी ठेवावी? मोठी पेटी लांबून दिसते आणि किमतीला शोभते. लहान पेटीला पुठ्ठा कमी लागतो, वाहतूक कमी पडते, फळीवर जास्त नग बसतात. पण मोठ्या पेटीतली पोकळी भरून काढतो तो गिऱ्हाईकच.

गुरुजी, एक काम कराल? गावातल्या म्हाताऱ्या आजींना विचारा, ट्रंकेत जुना पट आहे का. कसर लागून पट गेला, तर नवा शिवता येईल. पण कवड्यांचं दान कसं मोजायचं हे सांगणारी आजी गेली, तर ते कोणाला विचारणार? मुलांना तिच्याजवळ बसवा, आणि वहीत नियम उतरवून घ्या.