मुंबई पेटली, भिवंडी का नाही?

११ मे २०१८ ची रात्र आपलं शहर विसरलेलं नाही. मोतीकारंजा, शहागंज, राजाबाजार. दोन जीव गेले, दुकानं जळाली. निमित्त काय, तर अनधिकृत नळजोडण्या तोडण्याची मोहीम. मे महिना आणि पाणी! ही ठिणगी कुणालाच आधी दिसली नसेल का? म्हणून मी भिवंडीचं उदाहरण पुन्हा पुन्हा सांगतो.

भिवंडीत १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल झाली, १९८४ ला पुन्हा. दोन्ही वेळा भयानक. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. शांतता समित्या आधीही होत्याच की! पण त्यात तेच ते पुढारी. सण आला की चहा, बिस्किटं, फोटो. खोपडेंनी गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची, आणि जबाबदारी टाकली बीटवरच्या साध्या पोलिसावर. शेजाऱ्यांची किरकोळ भांडणं तिथल्या तिथे मिटू लागली. माझ्या मते खरा फायदा वेगळाच: अफवा आली की खरं-खोटं विचारायला समोरच्या वस्तीत ओळखीचा माणूस मिळाला.

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली. शेजारची भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईनंही हाच मार्ग धरला, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसं पुढे आली.

आणि आपण? २०१८ नंतर २०२३ ला, रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात पोलिसांच्या गाड्या जळाल्या. तुमच्या वॉर्डातल्या बीट अंमलदाराचं नाव माहीत आहे का कुणाला? कमेंटमध्ये सांगा.