जावा-येझदीचं इंजिन पहिल्यांदा बांधताय? नुसत्या बोअर-पिस्टनवर भागत नाही

ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली जावा किंवा येझदी सीमाभागातल्या पडव्यांमध्ये अजून सापडते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या, पुढे येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. आजोबांची किंवा वडिलांची अशी गाडी बाहेर काढायची आणि इंजिन स्वतःच्या हातानं बांधायचं, अशी हौस अनेकांना असते. इंजिन तसं साधं आहे. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, ६५ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, म्हणजे २५० सीसीच्या आतबाहेर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइल पंप नाही. त्यामुळे सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन टाकला की काम झालं, असं नवख्याला वाटतं. बरीच कामं फसतात ती इथंच.

कारण टू-स्ट्रोकमध्ये खालची क्रँककेस नुसती पेटी नसते, ती पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना पेट्रोल-ऑइलचं मिश्रण क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि खाली येताना ते दाबून सिलिंडरमध्ये जातं. या पेटीला दोन्ही बाजूंनी बंद ठेवण्याचं काम क्रँकचे ऑइल सील करतात. गाडी पंधरा-वीस वर्षं उभी असेल तर सीलचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. डाव्या, म्हणजे प्रायमरी चेनच्या बाजूचा सील गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं. गाडी पांढरा धूर सोडत राहते आणि प्लग ओला होतो. उजव्या, डायनमोच्या बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि नवा कोरा पिस्टन सिलिंडरला चिकटतो. मालक मग पिस्टनला नाहीतर बोअर करणाऱ्याला दोष देतो.

हिशेबानं पाहिलं तर सील ही अख्ख्या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू. पण ती वाचवायला गेलं की पिस्टन, रिंग आणि बोअरिंगचा खर्च दुसऱ्यांदा अंगावर पडतो. शिवाय सिलिंडर म्हणजे मोजकं भांडवल आहे. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ मिमीच्या पायरीनं वाढत जातात आणि अशा पायऱ्या थोड्याच असतात. प्रत्येक बोअरिंगला एक पायरी कायमची संपते. जुना चांगला सिलिंडर मिळवणं आता सोपं राहिलेलं नाही.

खोलण्याआधी

आरसी आणि इंजिन नंबर आधी ताडून पाहावा. नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. नवखे लोक फुटकी क्रँककेस भंगारातल्या दुसऱ्या केसने बदलतात आणि पुढं आरटीओत अडकतात. दुसरं म्हणजे क्रँककेसचे दोन अर्धे कारखान्यात एकत्र मशीनिंग केलेली जोडी असते. एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अर्धा जोडला तर बेअरिंगच्या जागा एका रेषेत येतीलच असं नाही. गाडी महाराष्ट्रात नोंदलेली आणि आता कर्नाटकात किंवा गोव्यात असेल तर एनओसीचा विषयही आधीच मिटवावा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी मिळते. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच चालवता येते. रोज बाजारात न्यायची असेल तर साधी नोंदणी टिकवलेली बरी.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा. नट-बोल्ट आणि वायसर अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवावेत. काही नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणून जोर लावण्याआधी मॅन्युअल उघडावं. केस सुटत नसेल तर लाकडी हातोडीनं हलकेच ठोकावी. दोन अर्ध्यांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नये. अॅल्युमिनियमवर पडलेल्या एका ओरखड्यातून पुढं कायम हवा ओढली जाते.

घरी काय, वर्कशॉपमध्ये काय

खोलणं, साफ करणं, पोर्टमधला कार्बन लाकडाच्या पट्टीनं खरवडणं, सील बदलणं आणि परत जोडणं ही कामं घरी होतात. क्रँक मात्र घरी करण्याचं काम नाही. हाताने तपासता तेवढं येतं: कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढावा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली खेळ लागला तर रॉड किट बदलावंच लागतं. ही क्रँक दाबून बसवलेली असते. पिन काढायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, आणि जोडल्यावर डायल गेज लावून ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सरळ करावी लागते. बेळगावात उद्यमबाग आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, दोन्ही ठिकाणी मशीन शॉपची परंपरा आहे. अट एकच, क्रँक सरळ केल्याचं गेजवर समोर दाखवणारा टर्नर गाठावा.

बोअरिंगचाही क्रम आहे. आधी पिस्टन विकत घ्यावा, मग तोच पिस्टन टर्नरच्या हातात द्यावा आणि त्याच्या मापानं बोअर करून होनिंग करून घ्यावं. “५० साइजचा बोअर करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो” असं सांगणं म्हणजे मापाचा जुगार, कारण आजच्या बाजारातले एकाच साइजचे पिस्टन एकसारखे भरतीलच असं नाही. बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवावा. रिंगची तोंडं खाचेतल्या बारीक पिनवर बरोबर बसली पाहिजेत, नाहीतर ती पोर्टमध्ये अडकून तुटतात.

बेअरिंग बसवताना ठोकाठोक नको. क्रँककेस गरम केली की ती बेअरिंगपेक्षा जास्त पसरते आणि बेअरिंग जवळजवळ आपोआप जागेवर उतरतं.

किक मारण्यापूर्वीची चाचणी

इंजिन जोडून झालं की लगेच किक मारायचा मोह होतो. त्याआधी हवेची चाचणी घ्यावी. पिस्टन तळाशी आणून कार्बोरेटरचं तोंड आणि दोन्ही एक्झॉस्ट रबरानं घट्ट बंद करावेत आणि प्लगच्या भोकातून सुमारे ५ पीएसआय हवा भरावी. यासाठी महागडं साधन लागत नाही. डायलचं जुनं बीपी मशीन असेल तर त्यावर हा दाब २६० च्या आसपास दिसतो. काटा काही मिनिटं जवळपास स्थिर राहिला तर ठीक. भरभर खाली आला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधावेत. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते बहुतेक जण टाळतात.

पॉइंटची गॅप ०.४ मिमी ठेवून मगच टायमिंग लावावं. क्लचचं सेटिंगही तेव्हाच करावं, कारण या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच आहे आणि गिअर टाकताना तोच क्लचही सोडतो. सेटिंग चुकलं तर गिअर खडखडतात.

पहिल्या टाकीला लिटरमागे ५० मिली ऑइल घालावं, नंतर ४० मिली. नवं ऑइल कमी प्रमाणातही चालतं असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण नव्या बोअरच्या वेळी कंजुषी करू नये. पहिले ५०० किलोमीटर फुल थ्रॉटल द्यायचा नाही आणि मोठ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ओढायचं नाही. गोव्याची पहिली फेरी चोर्ला घाटातून काढायची घाईही नको. चढापेक्षा तिथला उतार जास्त घातक. थ्रॉटल बंद करून इंजिनच्या ब्रेकवर लांबवर उतरलं की मिश्रण थांबतं, त्याबरोबर ऑइलही थांबतं आणि इंजिन मात्र फिरत राहतं. उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्यावा. ५०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना हेडचे नट पुन्हा आवळावेत आणि प्लग काढून पाहावा. तपकिरी असेल तर मिश्रण जमलं, पांढरट असेल तर हवा कुठून शिरते ते पुन्हा शोधावं. तोपर्यंत काढलेला एकही जुना पार्ट भंगारात टाकू नये.