फॅरारबाईंची वंशावळ आणि आमच्या पणज्या

सिंथिया फॅरार यांचा जन्म १७९५ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमधील मार्लबरो या गावी झाला. १८२७ मध्ये त्या अविवाहित शिक्षिका म्हणून मिशनतर्फे मुंबईस आल्या. १८३९ पासून त्यांनी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये तेथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.

बाईंना मूलबाळ नव्हते. तरी त्यांचे घराणे शोधता येते. १८८१ मध्ये मार्लबरोचा इतिहास छापला गेला, त्यात गावातील घराण्यांच्या वंशावळी आहेत. लेकीबाळींचीही त्यांत नोंद आहे.

मी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. आमचे घराणे शोधायचे तर महार वतनाचे कागद उलगडावे लागतात. त्यांत नावे पुरुषांची, तीही राबवून घेण्यासाठी. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. माझी पणजी त्या कागदांत नाही. आजीने तिचे नाव तोंडी जपले, म्हणून मला ते ठाऊक.

मग आमच्या बायांचा लिखित इतिहास कोठून धरायचा? १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदया’ने तो छापला. अक्षर हाती येताच आमची मुलगी स्वतःच्या नावाने कागदावर आली. म्हणून गावच्या शाळेचे जुने रजिस्टर मला वतनाच्या दप्तराहून मोलाचे वाटते. त्याआधीच्या पिढ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. त्या हयात आहेत तोवर ती नावे आपणच उतरवून घेतली पाहिजेत.